आधी पाय बघ

भरमाण्णानं पहिल्या दिवशी बंदूक दिलीच नाही.
टोपी दिली.
म्हणाला, मांडीवर आपट,
एकदा सावकाश, मग तीनदा घाईत,
कोंबडा झाडावरनं उतरताना पंख असेच वाजतात.
मी आपटली.
"गोणपाट झटकल्यागत झालं की रे,"
म्हणाला, आणि तपकीर ओढत बसला.

आठ दिवस मी टोपी आपटत होतो
जांबोटीला, आमच्या परसात.
आई विचारायची, डास एवढे झाले काय?

मग आवाज शिकवला.
कुक्. थांब. काया-काया. आणि शेवटी पुन्हा कुक्,
पण तो गिळलेला,
दारात कोणी आल्यावर शिवी गिळतात तसा.
मला शेवटचा कुक् कधीच नीट गिळता आला नाही.

नियम दोनच.
लाल काही अंगावर नको, करगोटासुद्धा झाकायचा.
आणि आवाज ऐकून बार काढायचा नाही,
तुरा बघूनही नाही.
"आधी पाय बघ.
पाय खोटं बोलत नाहीत."

तेव्हा पिकाच्या राखणीचे परवाने होते,
कायदा पुढं आला.
पौषातली पहाट, कारवीच्या रानात धुकं असं
की स्वतःचे गुडघे परक्याचे वाटावेत.
ठासणीची बंदूक माझ्या मांडीवर,
माझ्याहून वयानं मोठी, माझ्याहून गार.
हिरड्याच्या बुंध्याला पाठ लावून बसलो.
मुंगी कानात शिरली. शिरू दिली.
"हलू नकोस. तो बघूलालाय तुला,
तू बघायच्या आधीपासनं."

भरमाण्णानं साद घातली.
ओढ्यापलीकडून उत्तर आलं.
असं उत्तर, की माझ्या हाताला घाम फुटला.
यानं एक म्हणावं, त्यानं दोन.
यानं टोपी वाजवली, तिकडंही पंख वाजले.
अर्धा तास भांडण चाललं,
दोघंही मागं सरेनात,
आणि पलीकडचा हळूहळू जवळ येत होता.

मग कारवी हलली.
तांबडं दिसलं. तुराच तो,
वर-खाली होणारा, ऐटबाज.
माझ्या डोळ्यांसमोर मानेवरचे मेणाचे ठिपकेसुद्धा आले,
जे तिथं नव्हतेच.
घोडा मी कधी ओढला, मला आठवत नाही.
भरमाण्णाचा अंगठा मात्र आठवतो,
घोडा आणि टोपण यांच्या मध्ये घातलेला,
चिमटलेला, नख काळं पडत चाललेलं.
तो ओरडला नाही. पुटपुटला फक्त,
"पाय."

मी खाली बघितलं.
टायरची चप्पल. डाव्या पायाचा अंगठा बाहेर.

"यार्री?" भरमाण्णानं विचारलं.
झुडपातनं लाल टॉवेल बांधलेलं डोकं वर आलं,
हातात आमच्यासारखीच जुनी नळी,
आणि भेदरलेला आवाज,
"नां कोळी अल्लो यप्पा!"
मी कोंबडा नव्हे रे बाबा,
असं ओरडून सांगत होता हुलीकट्टीचा निंगाप्पा,
अर्धा तास कोंबडा होऊन आमच्याशी भांडल्यावर.

भरमाण्णा हसला नाही.
आधी त्याच्या डोक्यावरचा टॉवेल काढून घेतला,
घडी घालून त्याच्याच खिशात कोंबला,
मग आपला अंगठा तोंडात घातला.
तिघांनी मिळून दोन भाकऱ्या खाल्ल्या, एक चटणी.
कुणाची साद चांगली यावरनं
पुन्हा जुंपली, एकाची कन्नडात, एकाची मराठीत.
वर कुठंतरी खरा कोंबडा आरवला.
तिघांपैकी कुणीच उठलं नाही.

बंदूक खानापूरच्या ठाण्यात आहे.
कुठल्याशा निवडणुकीआधी जमा केली,
परत आणायला कोणी गेलं नाही.
भरमाण्णाचं ते नख नंतर वाकडंच उगवलं.
तपकिरीची चिमूट त्यातनं सांडायची.

अजून कधी पहाटे जाग आली
तर मी अंगणात टोपी वाजवतो.
ओढ्याकडून कोणी उत्तर देतं,
कधी कोंबडा, कधी पोरं, कधी काहीच कळत नाही.
मी खांबाला टेकून बसतो
आणि धुक्यात, जमिनीलगत,
बघत राहतो.