चिखलाला गोधड्या

ब्रायन, टेक्सस. समुद्र इथून दीडशे मैलांवर,
आणि तरी या शेडमध्ये तो आडवा निजलाय
अर्ध्या चिरलेल्या नळ्यांत, फळीवर फळी,
चार अंश सेल्सिअसला.

मी जालन्याची. आमच्याकडे समुद्र यायचा
तो मिठाच्या पुडीतून.
पहिल्यांदा हात लावला तो इथे, थेट त्याच्या तळाला:
करडा, गार, मळून ठेवलेल्या कणकेसारखा.
बोट दाबलं की पाच शतकं खचतात.

नळी उभी चिरतात. एक फाक कामाची,
तिला भोकं पाडायची, नमुने काढायचे.
दुसरी जपायची. तिला कुणी शिवायचं नाही.
हलाडिक म्हणतो, माणसांतही अशी सोय हवी होती.
त्याचे आजोबा कापसामागे आलेले चेक;
कापूस आमच्याही गावचा, एवढ्यावर आमचं जमलं.

मी गाळ चाळणीवर धुते.
पाणी दुधाळ होतं, मग निवळतं.
उरते चिमूट. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली
की लाह्या. खरंच, लाह्याच:
फुगीर कप्पे, एकाला एक बिलगलेले,
एका पेशीच्या जिवानं बांधून मागे ठेवलेलं घर.
तीन शून्यांचा ब्रश जिभेवर ओला करून
(करू नये म्हणतात, सगळे करतात)
मी एकेक उचलते.
आई तांदूळ निवडायची. इथे उलटं:
दाणा सोडायचा, खडा ठेवायचा.

यांतला एक, पाणी बरं असलं तर उजवीकडे वळतो.
गारठ्यात असतो तो डावा.
एकाच जातीचे, की चुलतभाऊ, यावर भांडणं झालीत.
उजव्या सोंडेचं सोवळं कडक, हे मला ठाऊक होतं;
डाव्या वळणात हिमनग असतात, हे नव्हतं.
डावा, डावा, उजवा, डावा.
शंभरात एक्क्याण्णव डावे.
वहीत लिहिते: फार थंडी.
मध्येच एखादा किडा बीळ करून गेलेला असतो,
हजार वर्षं इकडची तिकडे.
त्याच्यावर रागवता येत नाही.

मग यंत्र. आम्लाचा थेंब,
आणि वीस हजार वर्षं टिकलेलं घर
फस्स करून हवा होतं.
त्या हवेतला ऑक्सिजन तोलतात;
जड भरला तर जमिनीवर बर्फ जास्त.
वाचायचं तर विरघळवायचं.
या वाक्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते.

त्या फेब्रुवारीत टेक्सस गोठलं, वीज गेली,
घराघरांत नळ फुटले.
मला वाटलं, शीतगृहाला काय धाड भरलीय, त्याला थंडीच हवी.
हलाडिक फोनवर ओरडला, "अगं, चार हवेत! शून्य नकोत!"
चिखल गोठला की फुगतो, थर फाटतात.
हिमयुगाची नोंद
थंडीनंच मरायची.

त्याच्या ट्रकमध्ये मागे गोधड्या होत्या. अल्बिनाच्या.
ती गेल्यापासून कपाटाबाहेर न आलेल्या:
जुने पडदे, पिठाची पोती, कुणाच्या तरी फ्रॉकची गुलाबी फुलं.
टॉर्च दातांत धरून
आम्ही आधी जपायची फाक झाकली,
मग कामाचीही.
कडा खोचताना तो काही बोलला नाही.
मीही नाही. श्वास दिसत होते, दोघांचे.
पहाटे काटा दोनवर. मग अडीच.

जूनमध्ये एका नमुन्यात
लाह्यांच्या मधोमध एक धागा सापडला.
गुलाबी. कापूस.
नियम असा, की बाहेरचं काही आलं तर फेकायचं.
स्लाइडवर साठ चौकोन असतात,
शेवटचा सहसा रिकामाच राहतो.
ब्रश ओला केला, धागा तिथे ठेवला,
आणि सवयीनं पाहिलं कुठे वळलाय ते.

पीळ उजवा.