पत्ता

इंदूरच्या दवा बाजारात
गोळ्यांच्या पाकिटाला पत्ता म्हणतात.
‘दो पत्ते देना भिया’ म्हटलं की
नवा मराठी पोरगा पहिल्या दिवशी पेन शोधतो.
मीही शोधलं होतं. हसले होते सगळे.
एकोणीस वर्षं झाली त्याला.
आता पत्ता म्हटलं की हात आपोआप खणात जातो.

लग्नानंतर दीड महिन्यानं मला जळजळ सुरू झाली.
कारण माहीत होतं:
वसुलीला गेलो होतो त्या गावातली एक रात्र,
साखरपुडा आणि लग्न यांच्या मधली.
गावाचं नाव नाही सांगत. गावाचा काय दोष.
देवासला जाऊन दाखवलं, केसपेपरवर नाव भलत्याचंच.
डॉक्टर म्हातारे. रागावले नाहीत, मानसुद्धा वर केली नाही.
‘सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. बायकोलाही.
तिला काही होत नसलं तरी तिलाही.
बाईच्या अंगात हे बोलत नाही,
गुपचूप आत घर करतं.’

दोघांच्या मिळून अठ्ठावीस. म्हणजे तीन पत्ते.
मीच माझ्या हातानं काढले, बिल फाडलं.
चौदा मी खाल्ल्या, दुकानातल्या माठाचं पाणी पिऊन.
सोळा उरल्या.
त्यांना कुठे जायचं होतं ते मला पाठ होतं,
गल्ली, मजला, दारावरची पाटी.

सोळा स्कूटरच्या डिकीत राहिल्या,
पान्याखाली, जुन्या फडक्यात.
काय सांगून देणार होतो तिला?
शक्तीच्या म्हणून? कॅल्शियमच्या?
एवढंसं खोटं मला जमलं नाही.

श्रावणात एकदा तिला ताप आला, ओटीपोटात दुखलं.
आई म्हणाली, सारखं पाण्यातलं काम, दुसरं काय.
मी तापाची गोळी आणली.
फक्त तापाची.

मग वर्षं.
रक्त तिचं तपासलं. सोनोग्राफी तिची.
खजराण्याला गणपतीच्या मागच्या भिंतीवर
उलटा सातिया काढला तोही तिनंच;
मूल झालं की येऊन सुलटा करायचा.
धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाला
आईनं तिला आत पानं वाढायला ठेवलं,
ओटी भरायला हाक मारली नाही.
मी पंगतीत होतो. श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं.

एक्स-रेच्या फिल्मवर औषध पांढरं दिसत होतं.
गर्भाशयात भरलं, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत गेलं
आणि थांबलं.
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक टेकवलं: इथे. आणि इथे.
‘पूर्वी कधी इन्फेक्शन झालं होतं?’
‘नाही,’ हेमांगी म्हणाली.
किती खरं बोलली ती.
बाईंनी मग माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी शोधत होतो.

सांगितलं ते आठ दिवसांनी, रात्री,
ती दूध विरजत होती तेव्हा.
हात थांबला नाही तिचा.
पातेल्यावर झाकण ठेवलं, मग विचारलं,
‘केवढ्याला असते ती गोळी?’
‘तेव्हा दोन रुपयाला एक.’
‘माझ्या चौदा. अठ्ठावीस रुपये.’
‘हो.’
मी पुढचं बोलायला लागलो: टेस्ट ट्यूब, हप्ते,
भोपाळचं कुठलंसं सेंटर…
‘गप्प बसणं छान जमतं तुम्हाला,’ ती म्हणाली.
‘बसा.’

बसलो.

सकाळी दही लागलं होतं.
तिनं वाटीत काढून माझ्यापुढे ठेवलं, नेहमीसारखं,
साखर मात्र घातली नाही.
मग महूला आईला फोन लावला.
यांना तुम्हाला काही सांगायचंय, म्हणाली,
आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे पूजेची घंटी मध्येच थांबली.
आई विचारत होती,
‘कोण बोलतंय? अरे, कोण बोलतंय?’