राखेखालची

नकाशावर या चौकोनाला अजून नाव नव्हतं.
गिरमिट खांद्यावर, पिशवीत रंगांच्या चकत्यांचं पुस्तक,
आम्लाची बाटली, आणि खात्याचा हुकूम :
दर दोनशे मीटरवर एक भोक.

हाउकिपेराच्या दफनभूमीशी आन्सेल्मी भेटला.
म्हणाला, "भोकं कशाला पाडतेस?
माझ्याकडे खड्डा आहे. उद्या अकरापर्यंत रिकामा."

मी शिडीने उतरले.
भिंती सुरीने कापल्यासारख्या.
वर चार बोटं काळं : पाइनच्या सुया, शेवाळ,
कुजता कुजता मध्येच विसावलेलं.
त्याखाली राख.

राख नव्हे. इथे काही जळलं नाही.
बर्फ मागे सरला तेव्हापासून, दहा हजार वर्षं,
सुयांमधून गाळून आलेलं आंबट पाणी
कणाकणावरचं लोखंड खरवडत खाली गेलं;
मागे उरली ही पांढुरकी वाळू,
जिच्याकडे कुणाला द्यायला काही नाही.
आणि तिच्याखाली, कमरेच्या उंचीवर,
वरून गेलेलं सगळं : गंज, गंज,
तांबूस, केशरी, ठिकठिकाणी दगडासारखा घट्ट.
तळाशी हिमनदीने टाकून दिलेले गोटे.
त्यांचं माती व्हायचं अजून ठरलेलं नाही.

मी नाव सांगितलं : पॉडझॉल.
रशियन शब्द आहे, राखेखालची असा काहीसा अर्थ.
"रशियन," तो म्हणाला, आणि थुंकला नाही.

त्याच्या जाती वेगळ्या.
ही उभी राहणारी. रात्रभर भिंत धरते.
ओढ्याकडची ढासळते, तिथे फळ्या लागतात.
नदीकाठची चिकण रडते :
"पेटी सोडली की तरंगते. घरच्यांना सांगत नाही मी."
आणि दलदलीच्या कडेची
काही खात नाही.
बापाने तिथे एक जुनी कबर चुकून उघडली होती,
बाईच्या डोक्यावरचा रुमाल अजून निळा होता.

तीन ताडपत्र्यांवर तीन ढीग :
काळा, राखी, गंजका.
बुजवताना तो उलट क्रमाने परत घालतो.
मी म्हटलं, तरी कळतं.
एकदा मोडलेली माती पुन्हा तशी बसत नाही,
गिरमिट घातलं की सगळं सांगते.
"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी घालतो."

मग तो माझ्या बाटलीकडे बघत राहिला.
"चुना असला तर फसफसतं ना?"
इथे कुठला चुना, मी म्हटलं.
मैलोन् मैल नाही.

तो मला कुंपणाजवळ घेऊन गेला.
ओकुलीना, लाडोगाकाठची.
सोळाव्या वर्षी गाडीत बसून आली, गाय मागे राहिली.
सीमा उघडली तेव्हा ती वर्षभर आधी गेलेली.
बसने तो एकटाच जाऊन आला.
घर नव्हतं. बटाट्यांचा वाफा होता, खुरटी झाडं माजलेली,
जमिनीत संगमरवराची कच.
कॉफीच्या डब्यात त्याने एक मूठ आणली.
मूठमाती देऊन झाली होती,
म्हणून ही दुसरी.

लिंगोनच्या पानांखाली त्याने बोट खुपसलं.
"अकरा वर्षं झाली. मागे व्हिनेगर घालून पाहिलं,
काही दिसलं नाही. डोळे पण गेलेत माझे."

चिमूटभर, तळहातावर. तपकिरी, रवाळ.
बोटांत चोळली : थोडा गाळ, थोडी वाळू,
मध्येच काहीतरी टोचरं.
इथल्या पाण्याला मी ओळखते.
ते आंबट आहे, त्याला घाई नाही,
आणि चुना ते आधी नेतं.

माती काचेच्या तबकडीत घेतली. एक थेंब टाकला.
दोघांनी कान जवळ नेले,
म्हातारा गुडघ्यांवर, मी पोटावर.

बारीक.
कुणी झोपेत ओठ हलवावा एवढंच.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.
हो, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. फावडं घेऊन
ताडपत्री सरळ करायला गेला,
उद्या अकराचं होतं.

रात्री फॉर्म भरला. बिंदू एक्केचाळीस.
जात : पॉडझॉल. निचरा : चांगला.
चुना या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं.
आमचा नकाशा पन्नास हजाराला एक.
त्यात शेत जेमतेम मावतं,
मूठ दाखवायची खूणच नाही.
शून्य लिहिलं,
आणि समासात पेन्सिलने, खोडता येईल असं :
अजून आहे.