शब्दसूची

कोर्स तयार होता. नऊ धडे, दर धड्याला पाच प्रश्न,
पिवळ्या हेल्मेटातला एक कार्टून माणूस
बरोबर उत्तराला अंगठा दाखवणारा.
मग महाप्याच्या ऑफिसातून निरोप आला:
शेवटी शब्दसूची जोडा, लोक अडतायत.

अडत होतेच. मला यादीत दिसत होतं.
हिराजी मढवी, वय त्रेपन्न, राहणार घणसोली,
धडा चार, स्लाइड सहा, एकवीस मिनिटं.
सिस्टिमने नावापुढे लिहिलं होतं: निष्क्रिय.

डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.
अर्थाला एकशेवीस घरांची चौकट,
आणि ती काना, मात्रा, वेलांटी
सगळ्यांचं वेगवेगळं भाडं लावते.
एका 'सुरक्षितपणे'त अकरा घरं जातात.

व्हॉल्व्ह: झडप. लिहिलं, आणि रबाळ्याच्या प्लँटवर
कॅन्टीनमध्ये विचारलं, झडप म्हटलं की काय दिसतं?
पॅकिंगमधली कमल ठोंबरे म्हणाली, घार.
कोंबडीच्या पिलावर घालते ती.
खोडलं. लिहिलं: पायपाची चावी.

नीअर मिस: अपघात होता होता टळण्याची घटना.
"एवढं कशाला," शेजारच्या बाकावरून कुणीतरी,
"थोडक्यात वाचलो. झालं."
चौदा घरं. मी मुकाट्याने उतरवून घेतलं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी मात्र पेन थांबलं.
तेव्हा हिराजी बोलले, इतका वेळ गप्प होते.
"उघाडी लिवा."
म्हणजे खाडीच्या बांधातलं दार.
ओहोटीला आपसूक उघडतं, शेतातलं पाणी जाऊ देतं,
भरतीला खाऱ्या पाण्याच्या रेट्यानेच मिटतं.
"बाप दाखवायचा. गेलेलं पानी परत नाय येत."

मला आनंद झाला. असा शब्द हाताला लागला
की मला नेहमी होतो, जरा जास्तच.
त्या भरात विचारलं, मग स्लाइड सहावर
कुठल्या शब्दावर अडलात? तोही घेते.

"शब्दावर नाय अडलो."

स्लाइड सहा मला पाठ आहे, मीच लिहिली.
सहकारी टाकीत बेशुद्ध दिसल्यास सर्वप्रथम काय कराल?
अ: आत उतरून त्याला बाहेर काढेन.
ब: अलार्म वाजवेन, बाहेरच थांबेन.
उत्तर ब. अंगठा.

"नव्व्याण्णव साली मी ब केलं.
दिनानाथ आत पडलेला. मी शिडीचा दांडा धरून.
गोविंद माझ्या बाजूनं उतरला.
दोघं गेले.
मला कुणी शिकवलं नव्हतं, बाई. मी घाबरलेलो."
त्यांनी चहाचा ग्लास टेबलावर हळूहळू फिरवला,
चावी बंद करतात त्या दिशेने.
"आता तुमचा तो पिवळा माणूस मला अंगठा दाखवतो."

कमल डबा धुवायला उठली.
भोंगा झाला. ते हेल्मेट घेऊन गेले.

रात्री सानपाड्याला घरी बसून सूची पुरी केली.
अडुसष्ट शब्द, अकारविल्हे.
त्या एका स्लाइडवरचा अंगठा काढला,
कारण विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं नाही.
मग त आणि द यांच्या मधल्या जागेत
एक शब्द टाकून पाहिला: थांबणे.
उजवीकडे काही सुचेना.
रकाना रिकामा असला तर सिस्टिम पुढे जाऊ देत नाही.
एक टिंब दिलं. टिंबावर तिचं भागलं.

शुक्रवारी हिराजींचा फोन.
मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले,
मनात म्हटलं, आता ते त्याबद्दलच विचारणार.
"शब्दसूची बगितली," म्हणाले.
"उघाडीला तुमी दार लिवलंय."
हो, म्हटलं, तुम्हीच तर...
"दार नाय. दाराला मानूस लागतो उघडायला.
फळी लिवा."