छपराचा धडा

पट सात. त्यातला एक आज तापाने घरी.
झर्म्याच्या या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते
आणि मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साईश मळीक 'घ' काढतो, त्याचा 'ध' होतो.
'ध' काढ म्हटलं की हमखास 'घ'.
जानो वरक दोन्ही सारखेच काढते,
पाटी पोटाशी धरते,
माझ्या चेहऱ्याकडे बघून मग ठरवते कोणता ते.
हुशार आहे.

सगळं करून झालं होतं.
सुपात तांबडी माती पसरून बोटं फिरवली.
वळणावळणाने काजूच्या बिया मांडल्या
(दुपारी मोजताना नऊ कमी भरल्या,
कुठेतरी भाजल्याचा वास आला, मी विचारलं नाही).
पाठीवर बोटाने लिहून ओळखायला सांगितलं,
तर सगळे गुदगुल्यांतच नापास.

मग एका सकाळी सहज वर पाहिलं.
शाळेचं एक कौल ऑगस्टपासून जागेवर नाही.
माकडांचं काम. अर्ज दिलाय, दोनदा.
तिथून उन्हाचा एक तुकडा आत पडतो
आणि दहाच्या सुमाराला बरोबर फळ्यावर चढतो.

म्हटलं, बघा रे,
'घ'च्या डोक्यावरची रेघ अख्खी.
घ घराचा. घराला छप्पर पुरं.
'ध'ची सुरुवातीलाच तुटलेली,
तिथून धूर जातो वर.
'थ'पण तसाच उघडा, तिथून थेंब येतो आत.
'भ' तर काय, भ म्हणजे भोकच!
आणि 'म'मध्ये मांजर झोपलंय, वरून गच्च झाकून.

सगळ्यांचे हात वर, कौलाच्या जागेकडे.
साईशने पाच वेळा घ काढला. पाचही वेळा घ.
तासभर मला वाटलं,
मी कुणीतरी आहे.

भागव्वा मागे बसते.
बैलहोंगलकडची. बाप चिऱ्यांच्या खाणीवर,
लोकांच्या भिंतींचे दगड कापतो.
राहतात तिथे वर निळं प्लास्टिक,
कोपऱ्यांवर एकेक चिरा.
परवापर्यंत स्वतःचं नाव ती 'मागव्वा' लिहायची.
आज 'भ' अगदी सुबक, रेघेत बरोबर जागा सोडलेली.
खाली लिहिलेलं:
माझे धर.

अगं, घ ना? घराचा?
तिने मान हलवली,
जवळच्या तीन भाषांतली एक निवडली.
"बाई, आमच्या घराक पुराय छप्पर ना.
एक कोनसो उडला.
धुंवर थंयच्यान वता."

तांबडं पेन उघडलेलं होतं,
ते मी टोपण शोधत राहिले.
नियम माझाच होता.
वर्गात तो नीट पाळला होता
तिने एकटीने.

रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही.
लागली.
पण सकाळी फळ्यापाशी जायच्या आधी तिच्या बाकाशी गेले.
म्हटलं, आपल्या छपरावरून अक्षराचं ठरत नाही गं.
प्लास्टिक असो, कौलं असोत, स्लॅब असो,
घर लिहिताना रेघ पुरी ओढायची.
ओढ. अजून.
तिने ओढली.
शब्द संपला, पान संपलं,
तरी पेन्सिल बाकाच्या लाकडावरून पुढे गेली
आणि जानोच्या पाटीच्या चौकटीला जाऊन टेकली.

कालचं 'माझे धर' तेवढं मी खोडलं नाही.
धर हाही शब्दच आहे.

अजून ब आणि व राहिलेत.
पाच वाजता कदंब येते,
भागव्वा काचेवरची पाटी मोठ्याने वाचते:
"बाळपई!"
कंडक्टर हसतो, घंटी ओढतो.
बस वाळपईलाच जाते.
उद्या पोटातली तिरकी रेघ घ्यायचीय.