बिनखात्याचा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सरकार बनवलं.
पटावर सत्तावीस, हजर एकोणीस.
मतपेटी म्हणून खडूचा खोका,
शिक्का म्हणून भेंडीचा काप, शाईत बुडवलेला.

आचल गुरनुले मुख्यमंत्री झाली, दोन मतांनी,
आणि उभ्या उभ्या खाती वाटून मोकळी झाली.
पाणी खुशालीला, तिचं घर बोअरिंगजवळ.
सफाई साहिलला, तो नको नको म्हणत असताना.
पोषण आहारावरून जरा जुंपली,
शेवटी जो सगळ्यात कमी जेवतो त्याला दिलं.
उरला सोमेश कुळमेथे,
गोठ्यातून थेट वर्गात येणारा, हाताला शेणाचा वास.
"तू बिनखात्याचा," आचल म्हणाली.
बातम्यांत ऐकलं असावं कधी.
त्यानं मान हलवली आणि दाराजवळ जाऊन बसला.

मी फळ्यावर आखून दाखवलं:
वर दिल्ली, मधे मुंबई,
हिवाळ्यात पंधरा दिवस नागपूर,
खाली सिंदेवाही, आणि फळा संपल्यावर भिंतीवर आपलं गाव.
एकट्या माणसाला सगळं कसं झेपेल,
म्हणून कारभार वाटून घेतात, मी सांगितलं,
जशा धानाच्या बांध्या. प्रत्येक बांधीला तिचा धुरा.
खुशाली म्हणाली, "पन खेकडा बीळ करते न जी,
पानी त धुऱ्याखालून जाते."
ते पुढच्या धड्यात आहे, मी म्हटलं.
पुढच्या धड्यात ते नव्हतं.

ऑगस्टात बोअरिंगची साखळी तुटली.
पाणीमंत्र्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं: दुरुस्ती, म्हणजे बांधकाम.
बांधकामानं लिहिलं: पैसे, म्हणजे अर्थ.
अर्थाकडे अकरा रुपये होते, त्यातला एक घासलेला.
पान पाच बाकांवरून फिरलं,
प्रत्येकानं खाली लिहिलं, "पुढील कारवाहीस्तव".
हे माझ्याच टेबलावर पाहिलं असणार त्यांनी.
चूकसुद्धा माझीच.
तोवर दाराजवळचा पोरगा
दोन गुंड पाणी टोल्यावरून आणून ठेवून परत बसलेला.
कोणी नोंद घेतली नाही. मीही नाही.

मग भादव्यात वाघ आला.
टोल्याच्या वाटेवर, मामा तलावाच्या पाळीवर,
सकाळी तिघांनी पाहिला, तिघांनी वेगवेगळ्या लांबीचा.
मंत्रिमंडळ परिपाठाआधीच भरलं.
"वाघ कोन्या खात्याचा जी?"
वनखात्याचा.
"आन तलाव?"
जिल्हा परिषदेचा, लहान आहे म्हणून.
"पाळीवरचा रस्ता?"
तो बांधकामचा. अर्धा.
"मंग भेव?"
पोषण आहारवाल्यानं विचारलं, हळूच.
मी फळ्याकडे पाहिलं.
दिल्लीपासून भिंतीपर्यंत एकही बाण तिकडे जात नव्हता.

फोन लावले. वनरक्षक मीटिंगमध्ये,
दुसरा म्हणाला बीट माझा नाही,
तिसरा भला माणूस, म्हणाला अर्ज करून ठेवा.
अर्ज केला. चार वाजले.
टोल्याची अकरा पोरं दप्तरं लावून उभी.

सोमेश स्वयंपाकखोलीत गेला,
खिचडीच्या गंजावरचं झाकण आणि मोठा पळा घेऊन आला,
आणि कोणाला न विचारता पुढे चालायला लागला,
ठाण, ठाण, ठाण.
त्याच्यामागे सफाई, त्याच्यामागे पाणी,
अर्थमंत्र्यांचा हात धरून मुख्यमंत्री,
सगळ्यात मागे काठी घेऊन मी.
पाळीवर गवत हललं.
वारा होता, असं आम्ही सगळ्यांनी मानलं.

महिन्याअखेर वरून फॉर्म आला:
खाते, मंत्री, केलेले काम.
सगळ्या रकान्यांत काहीतरी भरलं.
खाली पट्टी धरून मी आणखी एक ओळ आखली,
खात्याच्या जागी काय लिहावं म्हणून पेन थांबलं.
सोमेश टेबलाशी येऊन उभा, मान खाली.
"झाकनाले पोचा पडला जी," म्हणाला,
"कोनाले सांगू?"