खाडे

हॅलिफॅक्स कौन्सिलची दफनाची नोंदवही
आता वही उरलेली नाही.
तळघरातल्या थंड खोलीत एक डेटाबेस आहे,
त्यात एक सीक्वेन्स,
आणि त्याची राखण माझ्याकडे.

मार्चात ऑडिटला मिसेस ग्लेडहिल आल्या.
ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर, हिरव्या शाईचं पेन.
"चाळीस हजार चारशे सोळा आहे.
चारशे अठरा आहे.
मधला कुठे?"

म्हटलं, बाई, हा आकडे वाटणारा
मागे वळून बघत नाही.
कुणी हात पुढे केला की पुढचा आकडा
तळव्यावर ठेवतो नि विसरतो.
घेणाऱ्याने वापरला, टाकला, उंबऱ्यातूनच परतला,
त्याला सोयरसुतक नाही.
बाकी सगळं मागे फिरतं या यंत्रात.
नाव पुसतं, पैसे परत जातात,
रोलबॅक म्हटलं की झालेलं झालंच नव्हतं.
आकडा तेवढा खर्ची पडतो.

"का पण?"
कारण तो प्रत्येकाला "नक्की ना?" विचारत बसला
तर सहाही खिडक्या खोळंबतील.

"आणि नोव्हेंबरात सतरा? सलग?"
वादळाची रात्र होती. तो वीस-वीस काढून खिशात ठेवतो,
तीन वाटले आणि वीज गेली.
उठला तो पुढच्या विशीपासून.
खिसा चाचपला नाही.

"इथे मोठा आकडा आधी, लहान नंतर."
दोन खिडक्यांकडे दोन वेगळे गठ्ठे.
तो ज्येष्ठता ठरवत नाही, बाई.
एकाचा आकडा दुसऱ्याला मिळणार नाही,
एवढाच त्याचा शब्द.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"आमच्या वेळी चुकलेल्या ओळीवर लाल रेघ मारायचो,
शेजारी सही.
खोडलेली ओळसुद्धा
ओळ असायची."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बार्शीला आमच्या अडतीवर माप घालताना
पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नसे,
लाभ म्हणत, मग दोन, मग तीन.
तिथे धान्य असायचं, आकडा नसायचा.
इथे आकडा निघून गेलाय
आणि पायली रिकामी.

दुपारी लॉग उपसले.
चौदा जानेवारी, चार वाजून दहा, खिडकी चार.
शाझियाला आठवलं.
टेकडीवरची दोघांची जागा मागत होता एक म्हातारा.
डॉक्टरांनी तयारीत राहा म्हटलं होतं.
नोंद चढली होती, फक्त पैसे भरायचे होते,
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
बायकोने डोळे उघडले होते
आणि चहा मागत होती.
तो गेला तो छत्री विसरून.
शाझियाने रद्द दाबलं.
छत्री अजून तिच्या टेबलाखाली आहे.

मिसेस ग्लेडहिलच्या तक्त्यात कारणाचे तीन रकाने:
चूक, गहाळ, अफरातफर.
बराच वेळ त्या तिन्हींकडे बघत राहिल्या.
मग समासात एक हिरवा ठिपका दिला
आणि पान उलटलं.

नोव्हेंबरातले सतरा मात्र नुसते सतराच.
त्यांच्यामागे कुणी म्हातारा नाही, चहा नाही.
मी शोधलं.

पाचला सगळे गेले. नवं सेशन उघडून
मी सहज त्याला विचारलं,
बाबा, सध्या कितीवर आहेस?
त्याने एरर दिली.
या बैठकीत ज्याने एकदाही हात पुढे केला नाही
त्याला तो चालू आकडा सांगत नाही.
आधी एक घे,
मग विचार.

बोटं कीबोर्डवर होती.
काढून घेतली,
दिवा मालवला,
आणि उतारावरून स्टेशनकडे निघाले.